पायाचं माप, अंगाचं माप

माझ्या लहानपणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चपला शिवणारा एक कारागीर बसायचा. मूळचा निपाणीकडचा. आम्ही मुलं त्याला मामा म्हणायचो. पावसाळ्यानंतर, चवथ आटोपली की बाबा मला त्याच्याकडे घेऊन जायचे. मामा तपकिरी कागदाचा तुकडा जमिनीवर पसरायचा आणि म्हणायचा, "पाय ठेव इथं. हलवू नको." मग पेन्सिलीच्या थोटकाने पायाभोवती रेघ ओढायचा. गुदगुल्या व्हायच्या, पण हलायची बंदी. नंतर कागदाची एक लांब पट्टी पायाच्या उंचवट्यावरून गुंडाळायची आणि जिथे टोक पोचेल तिथे नखाने चीर पाडायची. झालं माप. आकडा नाही, वही नाही. पुढच्या शुक्रवारी चप्पल तयार.

एकदा तो बाबांना म्हणाला, "पोराचा डावा पाय थोरला आहे, दादा. डावी जरा सैल ठेवतो." माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे तोवर माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

चप्पल घेऊन घरी आलो की आजी अंगणातच थांबवायची आणि पायांवर तांब्याभर पाणी ओतायची. रागावून नाही, काही बोलूनही नाही. बाजारात धूळ असते, पाय धुवायचे, एवढंच मी समजत होतो. कळायला लागल्यावर, म्हणजे विशीत, एक गोष्ट लक्षात आली. त्याच बाजारातून आईबरोबर काकणं भरून बहीण यायची, तेव्हा आजी पाणी ओतत नव्हती. धूळ तर दोघांच्याही पायांना सारखीच होती.

हे सगळं मी जवळजवळ विसरलो होतो. आठवण झाली ती भाच्यामुळे. भाच्याला मोटारसायकलीचं वेड. त्याला दुकानातलं तयार जाकीट नको होतं, अंगाच्या मापाचं हवं होतं. म्हणून काही वर्षांपूर्वी मुंबईला गेलो असताना त्याच्याबरोबर धारावीला गेलो. तिथल्या कारागिराने आधी उभं करून माप घेतलं आणि मग त्याला खुर्चीवर बसवलं. "हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. असेच राहा, हलू नका." आणि पुन्हा एकदा पाठीचं, बाहीचं माप घेतलं. ते "हलू नका" ऐकलं आणि मला एकदम म्हापशाचा मामा दिसला.

परत आल्यावर या जाकिटाचा इतिहास धुंडाळायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

चामडं हे माणसाचं सगळ्यात जुनं वस्त्र, असं म्हणायला हरकत नाही. पण आपण आज ज्याला लेदर जाकीट म्हणतो ते विसाव्या शतकाचं अपत्य आहे. उघड्या विमानात बसणाऱ्या वैमानिकाला आणि मोटारसायकलस्वाराला वारा अडवणारं काही तरी हवं होतं. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या अर्विंग आणि जॅक शॉट या भावांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या एका तळघरात रेनकोट शिवायला सुरुवात केली. माल दारोदार विकला जाई. १९२८ मध्ये अर्विंगने मोटारसायकलवाल्यांसाठी चामड्याचं जाकीट काढलं. तिरकी चेन, रुंद कॉलर, कमरेला पट्टा. किंमत साडेपाच डॉलर. त्याला नाव दिलं 'परफेक्टो'. ते त्याच्या आवडत्या सिगारचं नाव होतं म्हणे! चेन तिरकी घेतल्यामुळे पुढे वाकून बसलं तरी जाकीट पोटाशी दुमडत नाही आणि एकावर एक आलेल्या दोन पदरांतून वारा आत शिरत नाही. आज फॅशन म्हणून मिरवली जाणारी ती तिरकी रेघ मुळात अशी सोयीतून आलेली आहे.

पण शॉटची जाकिटं ही कारखान्याची. मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो वेगळा. त्याचं नाव रॉस लँगलिट्झ.

हा अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या ओरेगन राज्यातला. पोर्टलंड हे त्याचं गाव. वयाच्या सतराव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा एक पाय गेला. दुसरा कुणी असता तर मोटारसायकलचं नाव काढलं नसतं. याने कृत्रिम पाय लावला आणि पुन्हा गाडीवर बसला. नुसता बसला नाही, तर शर्यतींत उतरला. पोटासाठी तो हातमोज्यांच्या कारखान्यात लागला. काम होतं चामडं कापण्याचं.

हातमोज्याचं काम म्हणजे चामड्याची शाळाच. कापडाला उभा आणि आडवा धागा असतो, तो शिंप्याला दिसतो. चामड्याला धागा नसतो. तरीही ते सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या कण्याजवळ ते घट्ट आणि एकसारखं, पोटाकडे सैल आणि लुसलुशीत. डोक्यापासून शेपटीकडे ते कमी ताणलं जातं, पाठीकडून पोटाकडे जास्त. हातमोजा कापताना ताण तळहाताच्या रुंदीत यायला हवा, लांबीत आला तर चार दिवसांत मोज्याची बोटं लोंबायला लागतात. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. दिवसभर चामडं ताणून, चाचपून, कापून लँगलिट्झच्या बोटांना ते कळायला लागलं.

बाजारात मिळणारी जाकिटं त्याला पटेनात. उभ्या माणसासाठी बेतलेलं जाकीट गाडीवर बसलं की बिघडतं. बाह्या मनगटावरून मागे सरकतात, पाठ वर चढते, कंबर उघडी पडते. म्हणून त्याने स्वतःसाठी एक जाकीट शिवलं. मित्रांनी पाहिलं आणि त्यांनाही हवं झालं. घराच्या तळघरात फावल्या वेळात काम सुरू झालं. आधी 'स्पीडवे टॉग्ज' असं नाव होतं. १९४७ मध्ये नोकरीची सावली सोडून त्याने स्वतःच्या नावाने धंदा उघडला. आपला देश स्वतंत्र झाला ते हेच वर्ष.

इथे चामडं शिवण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर त्याच्या कामाची किंमत कळणार नाही. कापडाला टाचण्या लावता येतात, कच्चे टाके घालता येतात, चुकलं तर उसवता येतं. चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. उसवलेल्या ओळीवर पुन्हा शिवलं तर ती कूपन फाडतात तशी फाटते. म्हणून शिवण्याआधी सगळं कागदावर पक्कं करावं लागतं. शिवण झाली की ती उलगडून, गोंद लावून हातोडीने ठोकून सपाट करायची, कारण जाड चामड्याला इस्त्रीची घडी मानवत नाही. जनावराच्या अंगावरचे काट्याचे ओरखडे, गोचिडांचे डाग, जुन्या जखमा हे सगळं कातडीत राहतं. एका भक्कम जाकिटाला ३० चौरस फूट किंवा त्याहूनही जास्त चामडं लागतं, आणि त्यात कुठला तुकडा पाठीला, कुठला बाहीला, कुठला काखेत जिथे कुणाला दिसणार नाही, हे कापणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. सुरी फिरली की फिरली. शिंप्याचं डोकं आणि चांभाराचे हात, दोन्ही एकाच माणसापाशी असावे लागतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

लँगलिट्झचा धंदा मापावर चालला. गिऱ्हाईक आलं की त्याचं माप, त्याची गाडी, तो कसा बसतो, खिसे कुठे हवेत, हे सगळं विचारून मग कापणी. त्याच्या दोन प्रसिद्ध घाटांची नावं 'कोलंबिया' आणि 'कॅस्केड', म्हणजे त्याच्याच मुलखातली नदी आणि डोंगररांग. पुढे जपानपर्यंत त्याची कीर्ती गेली, महिनोन् महिने थांबायची तयारी असलेली गिऱ्हाइकं आली. तरी दुकान मोठं केलं नाही. दिवसाला साधारण सहा नग, यापुढे नाही, असा रिवाज. १९८९ मध्ये तो गेल्यावर मुलीने आणि जावयाने तोच रिवाज चालवला. प्रत्येक जाकिटाच्या आत, मानेपाशी, त्याचं आडनाव शिवलेलं असतं.

त्याचा धंदाही काही अगदी सोवळा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच १९४७ सालच्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्यात दंगा झाला. त्या घटनेवरून स्फूर्ती घेऊन १९५३ मध्ये 'द वाइल्ड वन' हा सिनेमा निघाला आणि मार्लन ब्रँडोच्या अंगावरचं काळं जाकीट गुंडांची खूण झालं. इंग्लंडच्या सेन्सॉरने तर तो सिनेमा १९६७ पर्यंत अडवून धरला. तेव्हा चामड्याला बट्टा तिकडेही लागला होता. पण फरक बघा. बट्टा लागला तो जाकीट घालणाऱ्याला. शिवणाऱ्याला नाही. कुणी लँगलिट्झकडून जाकीट घेऊन घरी आलं म्हणून त्याच्या आजीने त्याच्या अंगावर पाणी ओतलं नाही.

आता आपल्याकडे वळू.

अंगाच्या, पायाच्या मापाने करून घेणं ही आज श्रीमंती चैन मानली जाते. आपल्या गावगाड्यात ती साधी रीत होती. बारा बलुत्यांत चांभार एक. वर्षाकाठी ठरलेलं धान्य घ्यायचं आणि गावाच्या वहाणा, मोटेची दुरुस्ती, वाद्या, चाबूक हे सगळं करायचं. तयार जोड नावाची गोष्टच नव्हती, कारण प्रत्येक जोड कुणाच्या तरी पायाचा होता. जनावराचं कातडं कमावायचं काम ढोर समाजाकडे, वस्तू करायचं चांभाराकडे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायचं. आरी आणि रापी ही मुख्य हत्यारं. मोट तर अभियांत्रिकीचा नमुना होता. ओल्या-कोरड्यात वर्षानुवर्षं टिकणारं, बैलांच्या ओढीने विहिरीतून पाणी काढणारं ते चामड्याचं भांडं शिवणाऱ्याच्या हाताला जाकीट काय जड होतं?

मग आपल्याकडे लँगलिट्झ का झाला नाही? हवा उष्ण, चामड्याच्या कपड्याची गरज नव्हती, हे एक उत्तर. सालीवर कमावलेलं म्हशीचं चामडं वहाणेला उत्तम, पण अंगावर घालायला ताठ, हे दुसरं. मऊ आणि पातळ चामडं स्वस्तात करणारी क्रोम क्षारांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आली. ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण तिसरंही एक आहे आणि ते मला जास्त टोचतं. शिंप्याचं डोकं आणि चांभाराचे हात आपण एकत्र येऊच दिले नाहीत. शिंपी चामड्याला हात लावणार नाही आणि चांभाराने कापडाच्या धंद्यात यायचं नाही. मोजपट्टी एका आळीत, रापी दुसऱ्या आळीत, आणि मधे आमच्या आजीचा तांब्या.

एकत्र यायचा प्रयत्न केला तर काय होत असे याची एक कहाणी आपल्या सीमेजवळच आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचा चर्मकार होता. त्याने आणि त्याच्या बायकोने आपल्याच मांडीच्या कातड्याच्या पादुका करून बसवेश्वरांना अर्पण केल्या अशी परंपरागत कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी पुढचं भीषण आहे. हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं, आणि त्याबद्दल बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला, असं परंपरा सांगते. संत रोहिदासांना आपण देवघरात जागा दिली, पण त्यांचा धंदा करणाऱ्याला ओसरीवर दिली नाही.

आणि आपण गोवेकर तरी वेगळे होतो का? चवथीला घुमट आणि शामेळाच्या साथीवर आमच्या घरांतून आरत्या घुमतात. घुमटाच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचं कातडं असे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं आणि बकऱ्याचं आलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडं देवासमोर चालतं, मृदंगावर चालतं, पखवाजावर चालतं. कातडं कमावणारा तेवढा चालत नव्हता.

मोटेची जागा पंपाने घेतली, वहाणेची जागा कारखान्याच्या बुटाने. कारागीर शहराकडे सरकला. मुंबईत धारावीच्या खाडीकाठी एकोणिसाव्या शतकापासून चामडं कमावण्याचे कारखाने होते. १९७२ मध्ये सीतारामय्या समितीने सल्ला दिला की देशाने कच्चं आणि अर्धवट कमावलेलं चामडं बाहेर पाठवण्यापेक्षा तयार वस्तू पाठवाव्यात. १९७३ पासून कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंधनं आली आणि मद्रास, कानपूर, मुंबई अशा ठिकाणी तयार वस्तूंच्या कामाला जोर आला. धारावीतले कमावण्याचे कारखाने पुढे तिथून हलले, पण शिवणकाम राहिलं. महाराष्ट्रातले, तामिळनाडूतले, उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर एकाच पोटमाळ्यावर बसून पिशव्या आणि जाकिटं शिवू लागले. इथे एकदाची मोजपट्टी आणि रापी एका टेबलावर आली. कुठल्या सुधारकाच्या व्याख्यानाने नाही, तर परदेशी ऑर्डरच्या तारखेने.

भाच्याचं माप घेणाऱ्या त्या माणसाला मी विचारलं, हे काम कुठे शिकलात? तो म्हणाला, आधी पट्टे शिवले, मग पाकिटं, मग निर्यातीच्या कारखान्यात जाकिटाची फक्त बाही जोडायचं काम मिळालं. सहा वर्षं नुसत्या बाह्या जोडल्या. कारखाना बंद झाल्यावर जाकिटं उसवून उसवून बाकीचं शिकला आणि स्वतःचं दुकान टाकलं. "बाही आली की सगळं येतं," तो म्हणाला. पोर्टलंडच्या तळघरातला माणूस हातमोजे कापून शिकला, हा बाह्या जोडून. वाट तीच.

त्याची वाट मात्र सोपी राहिली नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि बैलाच्या चामड्यावर चालणाऱ्या लहान कारागिरांची अडचण झाली. त्या काळात मुंबईच्या सुधीर राजभर या कलाकाराने चामड्याऐवजी टाकाऊ रबराच्या पिशव्या अशाच कारागिरांकडून करून घ्यायला सुरुवात केली आणि आपल्या स्टुडिओला मुद्दाम नाव दिलं 'चमार'. जो शब्द शिवी म्हणून वापरला गेला, तोच वस्तूच्या आत मानाने शिवलेला. इकडे कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नावर दोन राज्यं भांडत राहिली, पण चपलेने सीमा मानली नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल कोल्हापुरी म्हणूनच विकली जाते. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडाने तसलेच सँडल चालवले, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नव्हतं. ओरड झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं. आपण सगळे रागावलो, आणि रास्त रागावलो. नाव न सांगता कुणाची कला घेणं वाईटच.

पण त्या रागाच्या भरात मला एक प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही. मिलानने नाव सांगितलं नाही म्हणून मी चिडलो. मी तरी कुठे सांगितलं?

मामाकडे एक गोणपाटाची पिशवी असायची. तिच्यात गिऱ्हाइकांच्या पायांचे कागद. त्याला लिहिता येत नसावं, कारण कागदांवर नावांऐवजी खुणा असायच्या. माझ्या कागदावर एक मासा काढलेला होता, का कुणास ठाऊक. दर वर्षी तो जुना कागद नव्यावर ठेवून बाबांना दाखवायचा, "बघा दादा, एवढा वाढला." माझ्या वाढीचा तेवढाच एक लेखी पुरावा होता आणि तो आमच्या घरात नव्हता, त्याच्या पिशवीत होता. मी दहावीत गेलो तेव्हा पणजीच्या दुकानातून नंबराचे बूट आले आणि मामाकडे जाणं थांबलं. डावा बूट नेहमी चावायचा.

रॉस लँगलिट्झचं नाव जगभरच्या जाकिटांत मानेपाशी शिवलेलं आहे. ज्या माणसाने सात-आठ वर्षं माझा पाय हातात घेऊन मापला, ज्याला माझ्या पायाबद्दल माझ्या आईपेक्षा जास्त माहिती होती, त्याचं नाव मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. बाबांनी विचारलं नाही. आजीने तर नाहीच.

बाबा आज असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांनाही माहीत नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण तुमच्या गावात, बाजारात, बसस्टँडच्या कोपऱ्यावर असा कुणी अजून बसत असेल, तर या शुक्रवारी चप्पल दुरुस्तीला देताना त्याचं नाव विचारून या. पाय हलवू नका, एवढंच.